आधी माती, मग पाटी

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, एक दृश्य ठरून गेलेले आहे. तीन-साडेतीन वर्षांचे मूल, पाठीवर त्याच्या देहाला न पेलणारे दप्तर, गळ्यात ओळखपत्र आणि दारात उभी असलेली पिवळी गाडी. पहिले काही दिवस रडण्यात जातात. त्यानंतर चाररेघी वही हाती येते, इंग्रजी अक्षरांच्या ओळी गिरवण्याचा गृहपाठ सुरू होतो आणि दिवाळीपूर्वी पहिली चाचणीही पार पडते. मुलाच्या बोटांत पेन्सिल आली की घरातील मोठ्यांना मूल शिकू लागल्याचे समाधान मिळते. ज्या शाळेत खेळ, गाणी आणि गोष्टी चालू असतात, त्या शाळेविषयी मात्र तक्रार असते, की तिथे मुलांना नुसते खेळवतात. या 'नुसते' शब्दात आजच्या बालशिक्षणाचे सारे दुखणे सामावलेले आहे.

कागदावर पाहिले तर या विषयाचा निर्णय देशाने केव्हाच केलेला आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे तीन ते आठ हा पाच वर्षांचा काळ 'पायाभूत स्तर' म्हणून शिक्षणाच्या मुख्य रचनेत आणला. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते, हे त्या धोरणाने नोंदवले आणि या स्तरावरील शिक्षण खेळातून, कृतीतून व शोधातून व्हावे, असे स्पष्टपणे सांगितले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी याच स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रकाशित झाला. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची संकल्पना बालकाच्या सर्वांगीण विकासाचा आधार म्हणून त्यात घेण्यात आली. २० फेब्रुवारी २०२३ रोजी 'जादुई पिटारा' या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे आणि गोष्टींची पुस्तके यांचा संच देशापुढे ठेवण्यात आला.

स्वतंत्र भारताच्या शिक्षणव्यवस्थेने आपल्या मातीतील विचाराला एवढ्या वरच्या पातळीवर स्थान द्यावे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आराखड्याच्या पानावर पंचकोश आणि वर्गाच्या बाकावर पेन्सिलीने दुखणारी बोटे, अशी विसंगती राहिली तर त्या अभिमानाला अर्थ उरत नाही. धोरण दिल्लीत ठरते. ते अमलात येते ते गल्लीतल्या बालवाडीत, संस्थाचालकाच्या खोलीत आणि घराच्या उंबऱ्यात. तेथील मोठ्या माणसांचे मन बदलले नाही, तर सगळे काही जुनेच राहते आणि त्यावर फक्त नवी पाटी लागते.

मुळात लहान मूल खेळते म्हणजे काय करते, याकडे मोठी माणसे लक्षपूर्वक पाहत नाहीत. भातुकली मांडणारी चार वर्षांची मुलगी आधी पाणी, मग तांदूळ, मग चूल असा क्रम लावते. कोण आई, कोण पाहुणा, कोण दुकानदार हे ठरवते. ठरलेली भूमिका शेवटपर्यंत सांभाळते. प्रसंगाला शोभेल अशी भाषा बोलते. आणि दोघींना एकच पातेले हवे असेल तेव्हा तडजोडही करते. नियोजन, भाषा, कल्पकता आणि समाजात वागण्याची रीत या चारही गोष्टी तेथे एकाच वेळी घडत असतात. चिंचोक्यांचे पाच-पाचाचे ढीग लावणाऱ्या मुलाला पाच ही संख्या हाताला कळते, मग तोंडाला येते. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या, पण सात बिया काढून दे म्हटल्यावर गोंधळणाऱ्या मुलाचे पाठांतर झालेले असते. गणित झालेले नसते.

शरीराचाही येथे विचार केला पाहिजे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे अजून पूर्ण घडलेली नसतात, बोटांच्या बारीक स्नायूंत बळ आलेले नसते. त्या हाताला आधी माती मळण्याची, कणकेचा गोळा वळण्याची, फुले ओवण्याची, कागद फाडून चिकटवण्याची, वाळूत रेघा ओढण्याची गरज असते. हे काम भरपूर झाले की अक्षर आपोआप वळणदार येते. ते टाळून थेट वहीवर नेलेला हात थकतो, आणि थकलेल्या हाताबरोबर मनही अक्षराला दुरावते. आधी माती आणि मग पाटी हा क्रम निसर्गानेच घालून दिलेला आहे. तो उलटा केल्याने वर्ष वाचत नाही, पुढची अनेक वर्षे वाया जातात.

संस्कारांचा आग्रह धरणाऱ्यांनी तर खेळाकडे अधिक आदराने पाहावयास हवे. लंगडीत बाद झाल्यावर कुरकुर न करता रिंगणाबाहेर येणे, आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवरची पट्टी न सरकवणे, आपला डाव येईपर्यंत थांबणे, धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून सांभाळून घेणे हे संयमाचे, प्रामाणिकपणाचे आणि आपलेपणाचे धडे आहेत. ते सुविचाराच्या फळ्यावरून मिळत नाहीत. संघस्थानावर रोजच्या कार्यक्रमात खेळाला जे स्थान दिले गेले, त्यामागेही हीच जाण आहे. एकत्र खेळलेल्या मुलांना परस्परांची जात विचारण्याची आठवण राहत नाही.

भारतीय परंपरेला ही दृष्टी नवी नाही. राजा अमरशक्तीच्या तीन जडबुद्धी पुत्रांना विष्णुशर्म्याने शहाणे केले ते व्याकरणाची घोकंपट्टी करून घेऊन नव्हे. कोल्हे, कावळे, माकडे आणि मगरी यांच्या गोष्टी सांगून केले. पंचतंत्राची ही जन्मकथा म्हणजे बालशिक्षणाचा एक सिद्धांतच आहे. पूर्णत्व माणसाच्या आत असतेच, शिक्षण ते प्रकट करते, असे स्वामी विवेकानंदांनी मांडले. रोप जसे स्वतःच वाढते आणि माळी फक्त कुंपण, पाणी व खत पाहतो, तसे मुलाचे आहे, ही त्यांची धारणा होती. खरे पाहता काहीही शिकवता येत नाही, शिक्षक हा केवळ मार्गदर्शक व साहाय्यक असतो, हे योगी अरविंदांचे पहिले शैक्षणिक तत्त्व होते.

अर्थात परंपरेचे गुणगान करताना सत्य झाकण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत छडी होती, आणि समाजातील मोठ्या वर्गाला त्या शाळेचे दारच बंद होते. १८३५ नंतर इंग्रजी राजवटीने रूढ केलेल्या शिक्षणाने एकच पुस्तक, एकच परीक्षा आणि शेवटी कारकुनाची खुर्ची असा साचा आणला. आपल्याकडील छडी आणि त्यांचा साचा यांचा संयोग होऊन जी शाळा तयार झाली, तिच्यात मूल कोठेच नव्हते. ती शाळा इंग्रजांबरोबर गेली नाही. उलट ती आता तीन वर्षांच्या मुलांपर्यंत खाली उतरली आहे.

या शाळेला उत्तर शोधण्याचे काम या देशात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. गुजरातेतील गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले, वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर उभे केले. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरातने प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हटले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक एक वर्षासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो आणि गोष्टी, खेळ, नाटक, स्वच्छता, भटकंती यांतून तो वर्ग बदलून दाखवतो. सहकारी त्याला हसतात, पालक तक्रार करतात, अधिकारी परीक्षेची आठवण देतात. आजही कोणत्याही प्रयोगशील शिक्षकाला हाच अनुभव येतो.

गिजुभाईंनी मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा अभ्यास केला होता. चांगला विचार जगाच्या कोणत्याही दिशेने येवो, तो स्वीकारावा, ही वेदकाळापासूनची शिकवण आहे. मात्र तो जसाच्या तसा उचलणे आणि आपल्या मातीत रुजवणे यांत फरक आहे. माँटेसरी बाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले 'बालगृह' सुरू केले ते सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली त्यांची पद्धत पुढे येथे सधन घरांची मिरास होऊन बसली. साधने महाग, शुल्क त्याहून महाग. आता तर त्यांचे नाव कोणीही फलकावर लावावे आणि आत मुलांकडून वह्या भरून घ्याव्यात, अशी स्थिती झाली आहे.

ही पद्धत पुन्हा गरिबाच्या दारी नेण्याचे काम ज्या मराठी स्त्रीने केले, तिचे नाव ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी म्हणून त्यांनी काम केले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या, आणि 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारे त्यांनी हा विचार मराठी घरांत पोहोचवला. शहरी मध्यमवर्गातील हे यश त्यांना पुरेसे वाटले नाही. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकलेल्या अनुताईंनी पुढचे सारे आयुष्य या कामाला वाहिले.

बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केले, त्याला भारतीय बालशिक्षणाच्या इतिहासात तोड नाही. दलित वस्तीतील आणि वारली पाड्यांवरील मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. मुले गुरे राखायला जात. तेव्हा शाळा गुरांमागे माळावर गेली, आणि 'कुरणशाळा' उभी राहिली. थोरल्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' करण्यात आली. परदेशी साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, बांबू आणि माती आली. ज्या मुलाने घरी कधी पुस्तक पाहिले नव्हते, ते आपल्या ओळखीच्या वस्तूंतून आकार, रंग, मोजणी आणि मग अक्षर यांच्याकडे आले. शासनाने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पण शब्द जितका पसरला, तितका त्यामागचा प्राण पसरला नाही. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षणे आणि मोबाईलवर भरावयाची माहिती यांत सेविकेचा दिवस संपतो. मानधनावर राबणाऱ्या या स्त्रीकडून पोषणाचे काम देशाने करून घेतले. शिक्षिका म्हणून तिची प्रतिष्ठा मात्र कधी जपली नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या प्रयत्नांचे उद्दिष्ट मानले, परंतु २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटालाच हक्क देतो. सहा वर्षांखालील मूल उद्दिष्ट आणि हक्क यांच्या मधल्या फटीत राहिले, आणि ती फट बाजाराने भरून काढली.

येथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. रोजंदारीवर जाणारा बाप किंवा घरकाम करणारी आई म्हणते, "आमच्या पोरांना खेळायला गल्ली आहे, शाळेत त्यांनी लिहायला-वाचायला शिकावे, इंग्रजी बोलावे, म्हणून आम्ही पोटाला चिमटा काढून पैसे भरतो." या वेदनेची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. अक्षरशत्रुत्वामुळे पिढ्यान्‌पिढ्या फसवणूक सोसलेल्या माणसाला अक्षराची घाई असणारच. परंतु या घाईची सर्वाधिक किंमत त्याच्याच मुलाला मोजावी लागते. सधन घरातील मुलाला शाळेने नुसते गिरवायला लावले तरी घरी गोष्टी सांगणारी आजी असते, पुस्तके असतात, प्रश्नांना उत्तरे देणारी माणसे असतात. कष्टकऱ्याच्या मुलाला हे सारे मिळण्याचे एकच ठिकाण असते, ते म्हणजे बालवाडी. तेथेही त्याच्या वाट्याला अर्थ न कळणारी अक्षरे आली, तर त्याचा अक्षरांशी संबंध भीतीने सुरू होतो. म्हणूनच खेळातून शिक्षण ही श्रीमंतांची चैन नसून गरिबाच्या मुलाची गरज आहे, आणि कोसबाडच्या टेकडीने ते दाखवून दिले आहे.

भाषेचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. मूल खेळते ते आपल्या भाषेत. भांडते, रुसते, कल्पना लढवते ते घरात ऐकलेल्या शब्दांत. ती भाषा वर्गाच्या दाराशी काढून ठेवायला लावली की खेळ थांबतो आणि मागे केवळ आज्ञापालन उरते. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर मोठे वादळ उठले. १६ एप्रिलचा शासननिर्णय, त्यातील बदल आणि अखेर २९ जून रोजी झालेली माघार या काळात अस्मितेवर भरपूर बोलले गेले. सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसात खेळाला, गोष्टीला आणि मायबोलीतील मोकळ्या बोलण्याला किती वेळ उरतो, हा प्रश्न त्या गदारोळात फारच थोड्यांनी विचारला. आणि मराठीच्या नावाने घोषणा देणाऱ्या किती घरांतील मुले तिसऱ्या वर्षी इंग्रजी बालवाडीत जातात, हाही प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

राष्ट्रीय विचारांच्या शिक्षणसंस्थांनाही या परीक्षेतून सूट नाही. १९५२ मध्ये गोरखपूरला पहिले सरस्वती शिशुमंदिर सुरू झाले, तेव्हापासून देशभर या विचाराच्या शाळांचे जाळे विणले गेले. विद्या भारतीने 'शिशुवाटिका' या नावाने पुस्तक आणि परीक्षा यांचे ओझे नसलेली, कृतीवर आधारलेली रचना मांडली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी प्रकल्प उभा राहिला. पाखरांचे आवाज, वनस्पतींची ओळख, जमिनीवरचा माग हे ज्ञान घेऊन येणाऱ्या मुलाला कोरी पाटी समजणे किती चुकीचे आहे, हे अशा कामांतूनच ध्यानी येते. असे असूनही अनेक ठिकाणी शेजारच्या इंग्रजी शाळेत पटसंख्या वाढते आहे, या धास्तीने आपल्याच संस्थांनी बालवर्गात वह्या आणि चाचण्या आणल्या. भिंतीवर सरस्वतीची प्रतिमा, प्रारंभी प्रार्थना आणि त्यानंतर तीन तास गिरवणे, याला भारतीय शिक्षण म्हणता येणार नाही. भारतीयत्व मुलाकडे पाहण्याच्या दृष्टीत असते. बालक हे ईश्वराचे रूप मानणाऱ्या समाजाने त्याच्या स्वाभाविक वाढीवर विश्वास ठेवला पाहिजे.

खेळ म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हेही स्पष्ट व्हावयास हवे. मुलाला भ्रमणध्वनीचा पडदा हाती देऊन गप्प बसवणे हा खेळ नाही. तेथे हात, पाय आणि वाणी तिन्ही स्वस्थ बसतात. महागड्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी खोली भरणे हाही खेळ नाही. पूर्वी दिवाळीत मुले अंगणात किल्ला करीत. माती आणणे, दगड रचणे, बुरूज आणि तट बांधणे, अळीव पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहणे आणि शेवटी सिंहासनावर महाराजांची मूर्ती बसवणे यांत भूगोल होता, बांधकाम होते, इतिहास होता, आणि वाडीतल्या सगळ्या मुलांचे संघटन होते. आज बाजारात तयार किल्ला मिळतो. तो घरी आणला की मुलाच्या हाताला आणि डोक्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. अशा खेळाला साहित्य थोडे लागते, मोठ्यांचे लक्ष आणि वेळ मात्र भरपूर लागतो. म्हणून खेळातून शिकवणाऱ्या शिक्षिकेचे काम पुस्तक संपवणाऱ्या शिक्षिकेपेक्षा कठीण आहे, आणि तिचे प्रशिक्षण व तिचा मोबदला त्या काठिण्याला साजेसा असला पाहिजे.

१९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने दप्तराचे ओझे कमी करण्याच्या शिफारशी केल्या, तेव्हाही सर्वांनी माना डोलावल्या होत्या. या वेळी तसे होऊ द्यायचे नसेल, तर प्रत्येकाने आपला वाटा उचलला पाहिजे. शासनाने अंगणवाडी सेविकेला इतर कामांतून मोकळे करून शिक्षिकेचा दर्जा द्यावा आणि खाजगी बालवर्गांना नियमांच्या चौकटीत आणावे. संस्थाचालकांनी सहा वर्षांखालील मुलांच्या लेखी चाचण्या आणि गृहपाठ थांबवण्याचा निर्णय घ्यावा आणि तो का घेतला हे पालकसभेत ठामपणे सांगावे. निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी आठवड्यातून एक तास जवळच्या अंगणवाडीत गोष्ट सांगण्यासाठी द्यावा. गावातील सुतार, कुंभार आणि बुरूड यांच्या हातच्या खेळण्यांना बालवाडीत मानाची जागा मिळावी. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तेथील बालवाडी हे केवळ सेवाकार्य न मानता राष्ट्रउभारणीचे पहिले केंद्र मानावे. आणि पालकांनी संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला 'आज काय लिहिलेस' असे विचारण्याऐवजी 'आज काय खेळलास, कोणाबरोबर खेळलास' हे विचारावे, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे.

राष्ट्र घडवण्याच्या गोष्टी मोठ्या सभांतून होतात. पण उद्याच्या राष्ट्राचा नागरिक भित्रा, घोकणारा आणि एकलकोंडा असेल की धीट, शोधक आणि सर्वांना सोबत घेणारा असेल, याचा बराचसा निर्णय त्याच्या पहिल्या सहा वर्षांत होऊन गेलेला असतो. ताराबाई आणि अनुताईंनी रिकाम्या हातांनी, माळावरच्या दगडमातीतून हे काम करून दाखवले. आज हाती धोरण आहे, साधने आहेत, संस्थांचे जाळे आहे. मुलाला त्याचे बालपण परत देण्याचा निर्धार तेवढा समाजाने करावयाचा आहे.